तबकडीचें नांव

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिलेखक फ्रेड गायझबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान या विख्यात गायिकेचें गाणें मुद्रित करून घेतलें. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. त्या तीन मिनिटांतलेही कांहीं क्षण गौहरजान शेवटीं राखून ठेवी आणि गाणें संपतांच इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. आज ती जुनी तबकडी ऐकतांना श्रोत्यांस ही एक ऐट वाटते. परंतु तिच्यामागें व्यवहार होता. मुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हर येथील कारखान्यांत पाठवावीं लागत, आणि तेथील कामगारांस हिंदुस्थानांतील एकही भाषा अवगत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाचा कागद चिकटवावयाचा हें त्यांस कळावें, म्हणून गाणाऱ्यानेंच आपलें नांव गाण्याच्या पोटांत ठेवून दिलेलें असे.

ऐंशीं वर्षांनीं तबकडीनें रूप पालटलें. ता. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं सोनी कंपनीनें कॉम्पॅक्ट डिस्क वाजविणारें आपलें पहिलें यंत्र जपानांत विक्रीस आणलें. ही डिस्क सोनी आणि हॉलंडची फिलिप्स या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली होती. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या चकतींत आवाज आंकड्यांच्या रूपानें सांठविलेला असतो; दर सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेऊन तें लिहिलेलें असतें. सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचें संगीत अशा कोट्यवधि आंकड्यांत मावतें. पण मौज अशी कीं, त्या कोट्यवधि आंकड्यांत गाण्याचें वा गायकाचें नांव लिहिण्याची तरतूद मूळच्या आराखड्यांत नव्हती. डिस्कच्या आरंभीं एक अनुक्रमणिका असते. परंतु डिस्कमध्यें गाणीं किती आणि प्रत्येक गाणें कोठें सुरू होतें, एवढेंच ती सांगते. नांवें असत तीं छापील वेष्टणावर. ऐकणारा माणूस वेष्टण वाचीलच, मग यंत्रास नांव ठाऊक असण्याचें प्रयोजन काय, अशी त्या वेळची समजूत असावी. आणि १९८२ सालीं ती चूक होती असें म्हणतां यावयाचें नाहीं. डिस्कवरच नांवें लिहिण्याची सोय १९९६ सालीं निघाली खरी, पण तोंवर असंख्य डिस्का घरोघर जाऊन पडल्या होत्या, आणि पुढेंही पुष्कळ प्रकाशकांनीं ती सोय वापरली नाहीं.

अडचण उभी राहिली ती संगणकांत डिस्क घालण्याची सोय झाल्यावर. वेष्टण बाजूस राही, डिस्क यंत्रांत जाई, आणि पडद्यावर दिसे तें एवढेंच: गाणें क्रमांक एक, गाणें क्रमांक दोन. टी कान नांवाच्या एका आज्ञावलीकारानें १९९३ सालीं युनिक्स संगणकांवर डिस्क वाजविणारी ‘एक्सएमसीडी’ नांवाची आज्ञावली लिहिली, आणि तींत या अडचणीवर एक युक्ति योजिली. डिस्क आपलें नांव सांगत नाहीं. पण तिच्या अनुक्रमणिकेंत प्रत्येक गाण्याचा आरंभ सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत नोंदलेला असतो. दोन निरनिराळ्या डिस्कांवरील सर्व गाण्यांच्या लांब्या तंतोतंत जुळणें दुर्मिळच. ज्योतिषी ग्रहांच्या स्थानांवरून कुंडली मांडतो, तद्वत् गाण्यांच्या स्थानांवरून डिस्कची ओळख मांडतां येईल, अशी ही कल्पना. त्या स्थानांवरून, एकूण कालावधीवरून व गाण्यांच्या संख्येवरून आठ अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक तयार होई. एकदां कोणीं त्या क्रमांकापुढें नांवें लिहून ठेविलीं कीं, तीच डिस्क पुन्हां घातल्यावर यंत्र तीं आपोआप दाखवी.

एका माणसाच्या घरीं डिस्का असून असून किती असणार? लोकांनीं आपापल्या नोंदी टी कान यांस टपालानें, म्हणजे संगणकाच्या टपालानें, धाडावयास आरंभ केला. ते त्या एकत्र करीत आणि आज्ञावलीबरोबर सर्वांस परत देत. पुढें नोंदींचा ढीग एवढा वाढला कीं, तो प्रत्येकाच्या यंत्रांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां स्टीव्ह शर्फ यांनीं इंटरनेटवरून नोंदी पुरविणारी व्यवस्था उभी केली. तिला ‘सीडीडीबी’ हें नांव पडलें. कोणी रात्रीं जेवण आटोपून आपल्या आवडीच्या वीस गाण्यांचीं नांवें वेष्टणावरून एकेक करून टंकावीं आणि सातासमुद्रांपलीकडील अनोळखी माणसास दुसऱ्या दिवशीं तीं आयतीं मिळावीं, असा हा प्रकार होता. मोबदला कोणासच नव्हता. प्रत्येकास मिळे तो इतरांच्या श्रमांतील वांटा.

हिंदुस्थानी संगीताच्या संग्राहकास मात्र या व्यवस्थेंत जरा अंग चोरूनच बसावें लागे. नोंदींसाठीं अकरा कप्पे ठरविलेले होते: ब्लूज, जॅझ, रॉक, लोकसंगीत, पाश्चात्य शास्त्रीय संगीत इत्यादि. मारवा किंवा तोडी यांची डिस्क कोणत्या कप्प्यांत घालावी? कोणी ती लोकसंगीतांत टाकी, कोणी ‘इतर’ या अडगळींत. त्यांतून ख्यालाच्या डिस्कवर एकाच रागाचे विलंबित व द्रुत मिळून दोन-तीनच तुकडे असावयाचे. आणि तुकडे जितके थोडे तितकी दोन भिन्न डिस्कांचा क्रमांक एकच निघण्याची शक्यता अधिक. शिवाय आरंभींच्या काळांत या नोंदींत देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती. नाट्यगीतांचीं नांवें रोमन लिपींत जशीं जमतील तशीं उतरविलीं जात, आणि एकाच पदाचीं चार माणसांच्या हातून चार रूपें होत.

हे सारे लोक इतक्या मोकळ्या हातानें कां देत होते, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९८३ च्या सप्टेंबर महिन्यांत रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली ज्याच्या हातीं पडेल त्यास ती चालविण्याचें, तपासण्याचें, बदलण्याचें व दुसऱ्यास देण्याचें स्वातंत्र्य असलें पाहिजे, हा त्याचा आग्रह. इंग्रजींत या कल्पनेस जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यामुळें त्या भाषेंत हा विषय समजावतांना आजही तारांबळ उडते. मराठींत ती अडचण नाहीं. ‘फुकट’ निराळें आणि ‘मुक्त’ निराळें, हें येथें शाळेंतल्या मुलासही कळतें. कीर्तनकारांचीं जुनीं बाडें आठवावीं. एकानें दुसऱ्याच्या बाडावरून पदें उतरून घ्यावीं, त्यांत आपलीं चार घालावीं, आणि तिसऱ्यास उतरून घेऊं द्यावीं. या व्यवहारांत बाडास किंमत नव्हती असें नाहीं. पण त्यावर कुलूप नव्हतें. स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं ही रीत कायद्याच्या भाषेंत बसविली. ‘जीपीएल’ या त्यांच्या परवान्याचा गाभा असा कीं, घेणाऱ्यानें पुढें देतांना, बदल केला असला तरीही, तेंच स्वातंत्र्य पुढच्यास दिलें पाहिजे. एक्सएमसीडी ही आज्ञावली याच परवान्याखालीं प्रसिद्ध झाली होती. तेव्हां तिच्याबरोबर वाढणारी नोंदवहीही सर्वांची राहील, असें नोंदी धाडणाऱ्यांनीं गृहीत धरलें, यांत नवल कांहींच नव्हतें.

गृहीत धरलें होतें तें टिकलें नाहीं. १९९८ सालीं ही नोंदवही एस्सिएंट नांवाच्या अमेरिकन कंपनीकडे गेली. नवे परवाने निघाले. नोंदी वापरणाऱ्या आज्ञावलींनीं कंपनीचें बोधचिन्ह दाखवावें, दुसऱ्या कोणत्याही नोंदवहीकडे वळूं नये, अशा अटी आल्या. २००० सालीं या व्यवसायाचें नांव ‘ग्रेसनोट’ झालें, आणि मार्च २००१ मध्यें ज्या आज्ञावलींपाशीं कंपनीचा परवाना नाहीं त्यांस नोंदवहीचें दार बंद झालें. ज्यांनीं वर्षानुवर्षें नोंदी टंकल्या होत्या, त्यांतील कित्येकांच्या स्वतःच्या यंत्रांस आतां त्या नोंदी मिळेनाशा झाल्या. गांवानें श्रमदानानें विहीर खणावी आणि एके दिवशीं तिच्यावर खासगी पाटी लागावी, तसें झालें.

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. लक्षावधि लोकांच्या यंत्रांना दिवसरात्र उत्तरें देणारे संगणक फुकट चालत नाहींत. चुकीच्या नोंदी निवडून काढण्यास माणसें लागतात, त्यांस पगार लागतो. नोंदवही कोणीतरी संभाळली नसती तर ती आपल्याच भाराखालीं कोसळली असती, हें म्हणणें निराधार नाहीं. त्याच वर्षीं आलेल्या आयट्यून्ससारख्या आज्ञावलींनीं ग्रेसनोटशीं करार केला, आणि सामान्य घरांतील माणसास डिस्क घालतांच नांवें मिळूं लागलीं. तीं कोठून येतात याची त्यास वार्ताही नव्हती. पण खर्च भागविण्यासाठीं पैसे मागणें निराळें, आणि लोकांनीं दिलेल्या वस्तूवर मालकी सांगणें निराळें. कंपनीनें दुसरी गोष्ट केली, आणि जुन्या योगदात्यांचा संताप होता तो त्याबद्दल. २००८ सालीं सोनीनें ग्रेसनोट सुमारें २६ कोटि डॉलरांस विकत घेतली. ज्या कंपनीनें बिननांवाची डिस्क जगापुढें आणली, तिनेंच पंचवीस वर्षांनंतर त्या डिस्कच्या नांवांचें भांडार विकत घ्यावें, हा योग इतिहासानें मोठ्या खुबीनें जुळविला म्हणावयाचा.

मुक्त परवान्याचें बळ दिसलें तें याच वेळीं. दार बंद होण्यापूर्वीं जीपीएलखालीं बाहेर पडलेल्या नोंदींच्या प्रती लोकांच्या हातीं होत्या, आणि त्या परत मागण्याचा अधिकार कोणासही उरला नव्हता. त्या प्रतींच्या आधारें कांहीं मंडळींनीं ‘फ्रीडीबी’ ही नवी नोंदवही उभी केली. जुनी पद्धत तीच ठेवल्यामुळें आज्ञावलींस केवळ पत्ता बदलावा लागे. रॉक्सिओ या कंपनीनें असा पत्ता बदलतांच २००१ सालीं ग्रेसनोटनें तिच्यावर फिर्याद केली. पुढें त्या वादांत तडजोड झाली.

फ्रीडीबीनें मालकीचा प्रश्न सोडविला. नोंदींच्या स्वरूपाचा तसाच राहिला. जुन्या पद्धतींत एका डिस्कची नोंद म्हणजे ओळींची एक यादी. गायक कोण, वादक कोण, संगीत कोणाचें, हेंच गाणें दुसऱ्या कोणत्या डिस्कवर आहे, यांचा एकमेकांशीं संबंध यंत्रास कळत नसे. रॉबर्ट के यांनीं सीडीडीबीच्या बदललेल्या वागण्यानें चिडून एक लहानशी पर्यायी यादी सुरू केली होती; तिच्यांतून २००० सालीं ‘म्युझिकब्रेन्झ’ हा ज्ञानकोश निघाला. यांत व्यक्ति, रचना, मुद्रण आणि प्रकाशन यांच्या नोंदी वेगळ्या आणि त्यांना जोडणारे धागेही वेगळे. एका व्यक्तीस अनेक नांवें देतां येतात, आणि तीं निरनिराळ्या लिप्यांतही असूं शकतात. म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस आणि बालगंधर्व ही एकच व्यक्ति, हें यंत्रासही सांगतां येतें. यादी लावण्यासाठीं मात्र प्रत्येक नांवाचें एक रोमन रूप लागतें. कोणी केलेला महत्त्वाचा बदल इतर सदस्यांच्या मतास टाकला जातो. काम संथ चालतें, वाद होतात. पण झालेला प्रत्येक फेरफार कोणीं व केव्हां केला याची नोंद राहते.

पूर्वींच्या अनुभवानें शहाणे झालेल्या या मंडळींनीं मालकीची गांठ अगोदरच सोडून ठेवली. २००४ सालीं कॅलिफोर्नियांत ‘मेटाब्रेन्झ’ ही ना-नफा संस्था नोंदविली गेली, आणि मूळ माहितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाहीं असें जाहीर झालें. ती पूर्णपणें उतरवून घेण्यास कोणासही आडकाठी नाहीं. उद्यां ही संस्था विकली गेली तरी विकत घेणाऱ्याच्या हातीं संगणकांपलीकडे फारसें कांहीं लागावयाचें नाहीं. खर्च भागतो तो देणग्यांवर आणि माहितीचा व्यापारी उपयोग करणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर. एका अतिबलाढ्य कंपनीचें बिल फार दिवस थकलें, तेव्हां संस्थेनें त्या बिलाच्या वाढदिवसाचा केक कंपनीच्या कचेरींत धाडून दिला, अशी एक गोष्ट या मंडळींत मोठ्या आवडीनें सांगितली जाते.

इकडे डिस्काही कपाटांत जाऊं लागल्या होत्या. लोक त्यांतील संगीत संगणकावर उतरवीत, आणि आतां नांव प्रत्येक गाण्याच्या फाइलींतच लिहिणें भाग पडलें. गौहरजानच्या काळची रीत अशी वळसा घालून परत आली. त्या वेळीं सर्वांत लोकप्रिय होतें तें एमपी-३ हें रूप. त्यांत नांवांची सोय अगोदर नव्हतीच. एरिक केम्प यांनीं १९९६ सालीं फाइलीच्या शेवटीं १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची तोड काढली. गाण्यास तीस बाइट, कलावंतास तीस, संग्रहाच्या नांवास तीस, सालास चार, आणि प्रकारासाठीं ठराविक यादींतील एक क्रमांक. इंग्रजीस हें कसेंबसें पुरे. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतींत तीन बाइट घेतें, आणि काना, मात्रा, वेलांटी हीं निराळीं चिन्हें धरलीं जातात. या हिशेबानें ‘बालगंधर्व’ हें नांव सत्तावीस बाइटांत कसेंबसें बसतें; ‘हिराबाई बडोदेकर’ हें मात्र आडनांवाच्या दुसऱ्या अक्षरावरच तुटतें. पुढच्या आवृत्त्यांत ही कोंडी सुटली.

एमपी-३ ची दुसरी कोंडी पैशाची होती. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेपाशीं त्याचे पेटंट होते, आणि १९९८ च्या सप्टेंबरांत तिनें फुकट आज्ञावली लिहिणाऱ्यांकडेही परवान्याचे पैसे मागितले. ख्रिस माँटगोमेरी या तरुणानें त्यावर उत्तर म्हणून पेटंटांपासून मुक्त असें ‘व्हॉर्बिस’ हें रूप हातीं घेतलें. त्याची पहिली पक्की आवृत्ति जुलै २००२ मध्यें आली. जॉश कोल्सन यांनीं त्याच सुमारास ‘फ्लॅक’ रचलें. त्यांत आवाजाचा एकही अंश न गमावतां फाइल बरीच लहान होते, आणि हवें तेव्हां मूळ डिस्कवरचे आंकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपी-३ चा परवाना-व्यवहार एप्रिल २०१७ मध्यें संपला आणि तें रूपही मोकळें झालें. परंतु तोंवर जुना ठेवा जपणाऱ्या संग्राहकांनीं फ्लॅक आपलेंसें केलें होतें.

या दोन्ही मुक्त रूपांत नांवांसाठीं एकच साधी पद्धत आहे, आणि हिंदुस्थानी संगीताच्या रसिकास खरा लाभ झाला तो तिच्यामुळें. तींत रकाने ठरवून दिलेले नाहींत. रोमन अक्षरांत रकान्याचें कोणतेंही नांव घालावें आणि त्यापुढें कोणत्याही लिपींत कितीही मजकूर लिहावा. राग, ताल, घराणें, तबल्याच्या साथीस कोण, बैठक कोठें व कोणत्या सालीं झाली, असे रकाने संग्राहक स्वतः पाडूं शकतो. त्यासाठीं कोणा कंपनीचा कप्पा उपलब्ध व्हावा लागत नाहीं. वडिलांनीं टेपवर मुद्रित केलेली मैफल संगणकावर उतरवून घेणाऱ्या घरांत ही गोष्ट किती मोलाची आहे, हें त्या घरांसच ठाऊक. अशा मैफलीचें वेष्टण छापलेलें नसतें, तिची नोंद कोणत्याही नोंदवहींत नसते. तिच्यांत काय आहे हें सांगणारीं माणसें मात्र एकेक करून जात असतात.

विहिरीवर पाटी लागण्याचा प्रसंग पुढेंही आला. घरांतील संगीत व चित्रपट एका संगणकावर ठेवून ते घरभर पाहतां-ऐकतां यावेत यासाठीं ‘एम्बी’ नांवाची आज्ञावली पुष्कळांच्या मदतीनें वाढली होती. डिसेंबर २०१८ मध्यें तिच्या चालकांनीं तिचा पुढील मजकूर बंद केला. त्याच महिन्यांत अखेरच्या मुक्त आवृत्तीवरून ‘जेलीफिन’ ही नवी शाखा फुटली आणि ती चांगली बहरली. या वेळीं कोणास फारसा धक्का बसला नाहीं. काय करावयाचें हें लोकांस वीस वर्षांपूर्वींच कळून चुकलें होतें.

फ्रीडीबी २००६ सालीं मॅजिक्स या जर्मन कंपनीकडे गेली आणि २०२० सालीं बंद झाली. नोंदींची प्रत सर्वांस खुली असल्यानें दुसऱ्यांनीं ती लगेच आपल्या संगणकांवर चढविली, आणि पत्ता बदलतांच जुन्या आज्ञावली पुन्हां चालूं लागल्या. माळ्यावरची एखादी पंचवीस वर्षांपूर्वींची डिस्क आज यंत्रांत घातली तर पडद्यावर तिचीं नांवें उमटतात. रोमन लिपींत, कोठें एक अक्षर जास्त, कोठें एक कमी, जशीं कोणीं त्या काळीं टंकलीं तशीं. त्या नोंदीच्या माथ्यावर ती कोणत्या आज्ञावलीकडून आली आणि कितव्यांदा दुरुस्त झाली, एवढें नमूद असतें. टंकणाऱ्याचें नांव नसतें.